लक्ष्मीबाईंचा मिटलेला फोटो

ताडकळसच्या बाजारगल्लीत सुगतचा फोटो स्टुडिओ आहे. समोर बसलेल्या माणसाला सुगत कधी 'हसा' म्हणत नाही. शेतकऱ्याला तो सोयाबीनला शेंगा कशा लागल्या ते विचारतो, म्हातारीला लेकीचं गाव विचारतो, आणि माणूस उत्तराच्या विचारात असताना हळूच बटण दाबतो. त्यानं काढलेला पासपोर्टचा फोटोसुद्धा लोकांना घरी नेऊन दाखवावासा वाटतो.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवून समोरून मारलेला त्याला आवडत नाही. तसल्या उजेडात माणसाचा चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट दिसतो, असं तो म्हणतो. त्याचा फ्लॅश वेगळ्या स्टँडवर असतो, माणसाच्या एका अंगाला, डोक्याहून हातभर उंच. पुढं पांढरी छत्री लावलेली, म्हणजे उजेड गाळून येतो. कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरनं तो फ्लॅश तारेशिवाय उडतो. पंख्याच्या वाऱ्यानं स्टँड कलंडू नये म्हणून त्याला ज्वारीची पिशवी टांगलेली असते. लग्नकार्यात हा स्टँड सांभाळते त्याची बायको मनिषा. फ्लॅश नीट चालतोय ना, हे बघायला ती आधी त्याचं बटण दाबून एकदा नुसता उजेड पाडते. त्याला दोघं 'टेस्ट' म्हणतात. टेस्ट झाली की लगोलग फोटो, ही त्यांच्या कामाची रीत.

अशा या सुगतला स्वतःच्या आईचा डोळे उघडे असलेला एकही फोटो काढता आला नव्हता. त्याच्या लग्नात लक्ष्मीबाईंचे डोळे मिटलेले. नातीचं नाव ठेवलं त्या दिवशी, तिला मांडीवर घेऊनही मिटलेले. घरात त्याची थट्टा चालायची. पण यंदा नवं घर झालं आणि वडिलांनी, दत्तरावांनी, पुढच्या खोलीतल्या भिंतीसाठी दोघांचा फोटो मागितला. दत्तराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बोलायला मोकळे.

"आमच्यातलं एक गेलं की एकट्याचा फोटो लागणारच हाय," ते म्हणाले. "तवर दोघांचा लागू दे. अन् ही जागी पायजे. मिटलेल्या डोळ्याचा लावला तर लोक म्हणतील, दत्तरावच्या बोलण्यानं झोप लागली बाईला."

सुगत हसला खरा, पण 'आमच्यातलं एक गेलं की' हे त्याच्या मनातून जाईना.

रविवारी दुपारी त्यानं पुढच्या खोलीत सामान मांडलं. छत्री उघडलेली बघून दत्तरावांनी आताच स्लॅब गळायला लागला का म्हणून विचारलं. लक्ष्मीबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून, पदर सारखा करून, नवऱ्याशेजारी बसल्या. मनिषानं टेस्ट मारली. सुगतनं फोटो काढला. डोळे मिटलेले.

उजेड टोचत असेल म्हणून त्यानं फ्लॅश लांब नेला. मग त्याचा जोर कमी केला. मग छत्री काढून फ्लॅशचं तोंड भिंतीकडं फिरवलं, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून मऊ होऊन येईल. दर वेळी मनिषा टेस्ट मारायची, दर वेळी डोळे मिटलेले यायचे. दत्तरावांनी समोरच्या ट्रकचा लाईट डोळ्यांत आला तरी ड्रायव्हरला डोळे मिटून चालत नाही, हे सांगून पाहिलं. लक्ष्मीबाई म्हणत राहिल्या की डोळे उघडेच आहेत. शेवटी सुगतचा आवाज चढला.

"आई, एवढं काय घाबरायलीस उजेडाला?"

लक्ष्मीबाईंनी नुसता पदर ओढून घेतला.

उत्तर दिलं मनिषानं. कॅमेऱ्यामागून जे दिसत नव्हतं ते स्टँडजवळून, बाजूनं, तिला दिसलं होतं.

"आत्याबाई घाबरत न्हाईत," ती म्हणाली. "पदराखाली त्यांचे हात बघा. टेस्ट मारली की जोडायलेत."

तिनं पुन्हा टेस्ट मारली आणि सुगतनं पाहिलं. मांडीवर, पदराच्या आड, दोन्ही तळवे एकमेकांना लागलेले होते.

"उजेड आला की जोडतेच हात," लक्ष्मीबाई अपराध्यासारख्या म्हणाल्या. "मायनं लावलेली सवय हाय, बाबा. कंदील लावला तरी, बटण दाबलं तरी. डोळे आपोआप मिटतेत. मला कळतबी न्हाई."

"अन् मी समजलो, मला बघून मिटायलीस," दत्तराव म्हणाले.

सुगतनं छत्री पुन्हा लावली, स्टँड जुन्या जागी आणला.

"आई, तू जोड हात. सावकाश जोड. मी थांबतो."

मनिषानं टेस्ट मारली. लक्ष्मीबाईंनी या वेळी पदराबाहेर, उघड हात जोडले आणि डोळे मिटले. सुगतनं घाई केली नाही. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. हात खाली आले, पापण्या उघडल्या, आणि त्याच क्षणी त्यानं फोटो काढला.

स्क्रीनवर लक्ष्मीबाई सरळ समोर बघत होत्या. चेहऱ्यावर नुकताच नमस्कार करून उठलेल्या माणसाचा निवांतपणा होता. दत्तराव मात्र कॅमेऱ्याकडं बघतच नव्हते. डोळे कधी उघडतात म्हणून मान वळवून बायकोकडं बघत राहिले होते.

"दादा, तुमी समोर बघितलंच न्हाई," सुगत म्हणाला. "अजून एक काढू का?"

"बघा, जलमभर गाडी हाकली अन् समोर बघायचं आजच विसरलो," दत्तराव ओशाळून म्हणाले. "काढ दुसरा."

लक्ष्मीबाईंनी कॅमेरा जवळ मागून घेतला. बराच वेळ बघितलं.

"कशाला दुसरा?" त्या म्हणाल्या. "हाच लाव भिंतीला."