चिंबोऱ्यांवरचं शेवाळ

आम्ही खांदा कॉलनीत राहायचो तेव्हा उरणहून एक कोळीण दारावर मासे घेऊन यायची. तिला सगळे मावशीच म्हणायचे. तिच्या पाटीत चिंबोऱ्यांवर, त्या जिवंत खेकड्यांवर, समुद्रातलं ओलं, तपकिरी शेवाळ पसरलेलं असायचं, म्हणजे त्या उन्हात मरत नसत. मी आठवीत असताना एकदा धीर करून विचारलं, "मावशी, हे सीवीड का?" मला मराठी शब्दच माहीत नव्हता.

"शिवी?" तिनं पाटी खाली ठेवली. "मना शिवी देतंस काय गो?"

आई हसायला लागली आणि मी लाजून आत पळाले. तेव्हापासून मावशी दर वेळी ओरडायची, "आज शिवी नाय देत काय?" जाताना शेवाळाचा एक गोळा माझ्या कुंडीसाठी ठेवायची. मी दाराआडून नुसती हसायचे.

आता मी तळोज्याला एका लॅबमध्ये शेवाळापासून काढलेली पांढरी पूड तपासते. ती आइस्क्रीममध्ये जाते, टूथपेस्टमध्येही. पहिल्यांदा त्या पुडीची पिशवी उघडली तेव्हा हे मावशीला सांगावंसं फार वाटलं. पण तिचं येणं केव्हाच बंद झालं होतं.

परवा पनवेलच्या मासळीबाजारात मी उरणच्या बायकांकडे तिची चौकशी केली.

"नाव काय तिचा?" एकीनं विचारलं.

इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. "आम्ही मावशीच म्हणायचो," मी म्हणाले.

"अगो, इथं आमी सगल्या मावश्याच हाव!"

त्या हसल्या. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले, प्रत्येकीचा आवाज ऐकत.