छ्यामामांनी न मोजलेल्या चकत्या

छ्यामामांच्या मते गिअरबॉक्स उघडायची लायकी असलेला माणूस जगात एकच होता, आणि त्याची दाढी ते रोज सकाळी आरशात बघून करत. बाकीचे सगळे नुसते पाने फिरवणारे. कुणीही काही दाखवलं की नाक मुरडून आधी "छ्या" व्हायचं, बघणं नंतर. म्हणून गल्लीतल्या मेकॅनिकांनी त्यांना हे नाव ठेवलं. कंपन्यांचे इंजिनिअर, नव्या गाड्या, बाजारातलं तेल, शेजारच्या पंक्चरवाल्याचं शिंकणं, कशालाच माफी नव्हती.

या तुच्छतेतला सगळ्यात मोठा वाटा जावयाला मिळायचा. जावई एका सर्व्हिस सेंटरात कामाला होता आणि कामाच्या आधी गाडीचं पुस्तक उघडायचा. पुस्तक बघून बोल्ट आवळणारा माणूस उद्या पुस्तक बघून जेवेल, असं छ्यामामा चारचौघांत सांगत. त्याला हाक मात्र "जावईबापू" अशी मारत, आणि ती इतक्या आदराने, की ऐकणाऱ्यालाच कानफटात बसल्यासारखं व्हावं.

मुलगी दरवर्षी डोंगरावरच्या चढणीच्या शर्यतीत गाडी पळवायची. प्रत्येक वेळी एकच घोटाळा व्हायचा. मोठ्या वळणावर आतलं चाक उचललं जायचं आणि इंजिनाची सगळी ताकद त्या हवेतल्या चाकालाच मिळायची. जमिनीवरचं चाक आपलं बघत बसायचं. आता तो रस्ता रुंद होणार होता आणि ही तिथली शेवटची शर्यत होती. ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा, लिमिटेड स्लिप म्हणतात तसला डिफरन्शियल हवा, असा तिने ध्यास घेतला. छ्यामामांनी भंगारातून तसल्या गाडीचा एक गिअरबॉक्स पैदा केला. आतले गिअर मोडले होते, पण डिफरन्शियल शाबूत होता. तो काढून मुलीच्या गिअरबॉक्समध्ये बसवायचा, एवढंच काम.

मदतीला जावई आला. डिफरन्शियलवरच्या मोठ्या दातेरी चक्राचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, हे छ्यामामांना माहीत होतं. त्यांनी काही न सांगता पाना जावयाच्या हातात दिला आणि स्टुलावर बसून गंमत बघितली. बिचारा लालबुंद होईपर्यंत ते बोल्ट सैल करायच्या नावाखाली आवळत राहिला. मग छ्यामामा उठले, पाना उलटा फिरवला आणि सगळे बोल्ट बिनबोभाट काढले. मुलीच्या गाडीचं जुनं चक्र त्यांनी नव्या डिफरन्शियलवर चढवलं, म्हणजे दाताला दात जुळतील. काम चोख होतं, हे कबूल करायलाच हवं.

बेअरिंग किती घट्ट बसेल हे ठरवणाऱ्या, त्याखालच्या पातळ चकत्या घालायची वेळ आली तेव्हा जावयाने पुस्तक काढलं. डिफरन्शियल एका गाडीचा आणि केसिंग दुसरीचं, तेव्हा जुन्या चकत्या चालतीलच असं नाही. मोजून बघू, फार घट्ट बसलं तर बेअरिंग तापून जाम होईल, असं तो हळूच म्हणाला. छ्यामामांनी डिफरन्शियल अंगठ्याने फिरवून पाहिला.

"जावईबापू, मोजायचं कुणी? ज्याच्या हाताला कळत नाही त्याने," ते म्हणाले आणि जुन्याच चकत्या घालून त्यांनी केसिंग बंद केलं. तेल तेवढं जावयाला भरू दिलं, कारण ते कुणालाही जमतं.

शर्यतीच्या दिवशी सरावाची फेरी मारून मुलगी खाली आली ती खुशीत. मोठ्या वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली होती. पण गाडी समोरून जाताना छ्यामामांना एक बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू आली. गाडी थांबताच त्यांनी वाकून गिअरबॉक्सला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. हे बेअरिंग भर वेगात, त्याच वळणावर जाम होणार आणि पोरगी दरीत जाणार, हे त्यांना लख्ख कळलं. आता फक्त तोंड उघडायचं होतं. चकत्या चुकल्या, माझ्याच चुकल्या, एवढं म्हणायचं होतं. शेजारी जावई उभा होता.

"पोरी, गाडी बाजूला घे," ते म्हणाले. "यात तेल चुकीचं भरलंय. गिअरबॉक्स लॉक होईल."

तिने हेल्मेटची काच वर केली. तिचा नंबर पुढचाच होता. ती नवऱ्याकडे वळली. "तेल तू भरलंस ना?"

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. शिट्टी त्यानेही ऐकली होती आणि ती कशाची आहे हे त्याला पुस्तक न उघडता कळत होतं. पण वाद घातला असता तर बिघाड खरंच आहे का, अशी तिच्या मनात शंका आली असती, आणि शंका आली असती तर ती शर्यतीला गेली असती.

"हो," तो म्हणाला. "माझी चूक झाली. उतर."

परतताना गाडी टेम्पोवर बांधली होती. जावई चालवत होता, मुलगी मध्ये बसली होती आणि खिडकीपाशी छ्यामामा. मुलगी नवऱ्याला म्हणाली, "एवढी वर्षं येतोस वर्कशॉपमध्ये. बाबांकडून काहीतरी शिकायचं होतंस."

"शिकेन," जावई म्हणाला.

छ्यामामांनी घसा खाकरला. खरं सांगून टाकावं असं त्यांना वाटलं, अगदी जिभेवर आलं. दोघंही त्यांच्याकडे बघत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "खड्डे बघून चालवा."