परीक्षेला न येणारी नस

माणसाच्या ढुंगणाकडे इतक्या आदराने पाहणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे सर उभा जन्म वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवून निवृत्त झाले. धायरीत राहायला आल्यावर मुडदे मिळेनात, म्हणून सोसायटीतल्या जिवंत माणसांवर समाधान मानू लागले. आमच्या चेअरमनना त्यांनी भर सभेत सांगितलं, "आपला डावा नितंब उजव्यापेक्षा आळशी आहे." तेव्हापासून चेअरमन सभेत भिंतीला पाठ लावूनच उभे राहतात. माझ्या बायकोला त्यांनी जिन्यात अडवून विचारलं होतं, "वहिनी, उभं राहताना सगळा भार उजव्या पायावर का टाकता?" "डाव्याला सुट्टी असते," असं म्हणून तिने त्यांची बोळवण केली. सरांनी मात्र हे उत्तर गंभीरपणे वहीत टिपून घेतलं.

गेल्या वर्षी खुद्द सरांचीच कंबर धरली. उजवीकडे, पट्ट्याच्या जरा खाली आग व्हायची आणि ती ढुंगणात उतरायची. बसणं बंद झालं. लग्नात ते उभ्याने जेवत, रिक्षात एका कुल्ल्यावर तरंगत, घरी फ्रिजवर पेपर पसरून वाचत. त्यांचे विद्यार्थी आता गावातले बडे डॉक्टर. सरांनी तिघांना दाखवलं. तिघांनीही आधी पाया पडून घेतलं, मग एमआरआय पाहिला आणि मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं. तिसऱ्याने तर ऑपरेशनची तारीखच देऊन टाकली. सर घाबरले. सत्तरीत पाठ उघडून घेणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आठवडा उरला असताना ते जुनं पुस्तक घेऊन बसले, म्हणजे उभे राहिले, आणि एके सकाळी मला सोबत घेऊन त्या तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

"कमरेच्या हाडाच्या काठावरून ढुंगणाच्या कातडीकडे बारीक नसा उतरतात. त्यांच्याबद्दल काय शिकलास?"

डॉक्टर पन्नाशीचे, टक्कल पडलेले. तरी वर्गात उठावं तसे उठले. "काहीच नाही, सर. तुम्हीच म्हणाला होतात, या सोडून द्या, परीक्षेला येत नाहीत."

सरांना ते आठवत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ते टेबलावर पालथे झाले, शर्ट वर केला आणि मणक्यापासून चार बोटं मोजून म्हणाले, "इथे दाब. हाडाच्या काठावर." डॉक्टरांनी अंगठा टेकवला मात्र, सर असे कळवळले की बाहेरची रिसेप्शनिस्ट धावत आत आली. "हीच. हाड आणि वरचा घट्ट पडदा, यांच्या फटीत अडकलीय. बधिर कर." डॉक्टरांनी तिथेच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने सर खुर्चीत बसले. कित्येक महिन्यांनी, नीट, दोन्ही कुल्ल्यांवर. डॉक्टरांनी फोन करून ऑपरेशन रद्द केलं.

आता स्वारी खुलणार, निदान शिष्याला चार टोमणे तरी हाणणार, असं मला वाटलं. कसलं काय. सर आपल्या हातांकडे बघत राहिले.

"मी सुटलो," ते डॉक्टरांना म्हणाले. "पुस्तक कुठे उघडायचं ते मला ठाऊक होतं म्हणून. पण इतकी वर्षं, इतक्या पोरांना मी हेच सांगितलं रे. तुम्ही सगळ्यांनी मिळून किती जणांच्या पाठी उगाच उघडल्या असतील?"

सरांची टिंगल करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, पण त्या क्षणी मला त्यांची फार दया आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सर, रिक्षा बोलावू?"

"थांबा," ते म्हणाले. "जरा बसतो."