गाळात पाय त्याचा वाटा

गोकुळा पेंढरटोल्यात कुठूनही येत असली तरी दिसायच्या आधी ऐकू यायची. खट्‌खट्, फर्र. खट्‌खट्, फर्र. दोन सागवानी खडावा ती हातांत घालायची, त्यांवर भार द्यायची आणि अंग पुढे सरकवायची. पाय लहानपणीच्या तापात गेले होते. बाकीची गोकुळा मात्र शाबूत होती, त्यातही तोंड जरा जास्तच. त्या तोंडातून बोलण्याइतकंच हसूही बाहेर पडायचं, आणि एकदा सुरू झालं की ते तिचंही ऐकायचं नाही. एकदा मयतीत तिला हसू फुटलं होतं. तेव्हापासून मयतीला तिला सगळ्यांच्या मागे बसवत.

पेंढरटोला सावली गावाच्या बाजूला, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. वस्ती ढिवरांची, तलावावर जगणारी. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण मासळी वाटायची रीत कोणत्याही कायद्यानं बदलली नव्हती. वैशाखात पाणी उतरलं की सगळा टोला मोठं जाळं घेऊन तलावात उतरायचा आणि पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, मासळीचे ढीग पडायचे. नियम एकच: गाळात पाय त्याचा वाटा. घरी पडून राहील त्याला मासळी कशाला, असं कोण्या शहाण्या पूर्वजानं ठरवलं असणार, आणि ऐकायला ते बरोबरही वाटतं.

फक्त ते जाळं गोकुळेनं विणलेलं असायचं. बांबूची सुई घेऊन ती दिवाळीपासून होळीपर्यंत विणायची. तिची गाठ अशी बसायची की दहा शेरी रोहूनं धडक मारली तरी ढिली व्हायची नाही. पण गाळात पाय नाहीत, म्हणून वाटा नाही. ढीग पडले की तिचा चुलता बाबुलाल, जो टोल्याचा मुखियाही होता, ओंजळभर झिंगे तिच्या पदरात टाकायचा आणि म्हणायचा, "घे वं पोरी, धर्माची मूठ."

बाबुलाल माणूस चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा तिच्या झोपडीचं गवत दरवर्षी स्वतः शाकारून द्यायचा, ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचा. आणि गोकुळेला झिंग्यांचं वावडं नव्हतं. पण ज्याचा वाटा तो पंचांच्या चटईवर बसायचा, बोलायचा, भांडायचा. मूठवाल्यानं पाळीवर बसून मान डोलवायची. तीस वर्षांची गोकुळा, जिला अख्खा टोला बोलकी म्हणायचा, तिला त्या चटईवर एक शब्दही बोलता येत नव्हता. हे तिला आतून फार लागायचं.

मूठवाली आणखी एक होती, आंधळी सोमारी. गोकुळेच्या जाळ्याची सुतळी हीच मांडीवर वळायची. आणि सुतळीचा सन, म्हणजे ताग, यायचा नाल्यापलीकडच्या वस्तीतून. तिथली शकुबाई तो डबक्यात कुजवायची, झोडपायची, वाळवायची आणि पेंढ्या बांधून आणायची. पेंढ्या ती अंगणाबाहेरच्या दगडावर ठेवायची. मग गोकुळा लोट्यातलं पाणी त्यावर शिंपडायची आणि मगच हात लावायची. आई शिंपडायची म्हणून हीही शिंपडायची. त्यात काही आहे असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

छप्पनच्या दसऱ्यानंतर शकुबाईची सगळी वस्ती भाकरी बांधून चांद्याला गेली, दीक्षा घेऊन परत आली. जाताना माना खाली घालून गेलेली माणसं येताना गाणी म्हणत आली. पुढच्याच आठवड्यात शकुबाई पांढरं लुगडं नेसून, पेंढ्या घेऊन दगडापाशी उभी राहिली.

गोकुळा म्हणाली, "शकुबाई, औंदा म्या ठरवलं. काकाजीले वाटा मागते म्हणते."

"कसा मागशीन?"

"हात जोडून."

"मंग मूठच भेटन. हात जोडले की समोरच्याले वाट्टे का आपून देव आहो. हक्काची गोष्ट सरळ आवाजात सांगा लागते. रडून नाई, हासून बी नाई."

गोकुळेला हे इतकं पटलं की तिनं मान डोलवली, हसली, आणि सवयीनं लोटा उचलून पेंढ्यांवर पाणी शिंपडलं.

शकुबाईनं त्या पाण्याकडे पाहिलं. "तुह्या काकाजीले तुहे पाय दिसते, तू नाई दिसत," ती म्हणाली. "अन् तुले मी?"

एवढं बोलून ती निघून गेली. त्या दिवशी गोकुळा हसली नाही. सांजच्याला सोमारीनं कान टवकारले. "काय झालं वं तुले? कोणी मेलं म्हणावं, त तू हासली असती."

 गोकुळेनं अंगणातला लोटा उचलून आत नेला. शकुबाई सन आणत राहिली, कारण पोट कोणाला सुटलं आहे, पण पेंढ्या दगडावर ठेवायची आणि लगेच माघारी फिरायची.

असा वैशाख आला. त्या वर्षी चांद्याहून सोसायटीचे साहेब येणार होते. ढिवरांची मच्छीमार सोसायटी बांधायची, सभासद कोण ते लिहून घ्यायचं, असं काम होतं. साहेब आले ते कडक इस्त्रीची विजार आणि चकाकणारे बूट घालून. तलावाच्या पाळीवर! टोल्यातल्या बायांनी पदरांचे बोळे तोंडात कोंबले.

पहिली ओढ निघाली होती, ढीग पडत होते. गोकुळा आणि सोमारी नेहमीच्या जागी काठाला बसल्या होत्या. शकुबाई जाळ्याचा जादा दोर घेऊन आली होती आणि दूर पाळीच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली उभी होती. त्यांच्या वस्तीला घाटावर यायची रीत नव्हती.

"सभासद कोणाला धरायचं?" साहेबांनी विचारलं.

बाबुलालची छाती फुगली. "लिहा साहेब. गाळात पाय त्याचा वाटा. बापजाद्यापासून हेच आहे. इकडचं तिकडं होत नाई."

"अस्सं," म्हणत साहेब जाळं पाहायला दोन पावलं पुढे झाले. दुसरं पाऊल पडलंच नाही. बूट सटकला, वही उडाली, आणि साहेब बसल्या बसल्या पाळीवरून घसरत थेट गाळात गेले, गुडघ्यांपर्यंत. चौघांनी त्यांना उपसून काढलं. तीन पाय वर आले असं त्यांतला कोलू पुढे जन्मभर सांगायचा, पण तसं नव्हतं. दोनच आले, आणि बूट एक.

कोणी हसलं नाही. कारण सगळे बाबुलालकडे पाहत होते, आणि बाबुलाल साहेबांच्या पायांकडे. गुडघ्यापर्यंत गाळ. गाळात पाय शिरलेल्याला वाटा नाकारला तर तलाव रुसतो, पुढच्या साली मासळी देत नाही, हे टोल्यातलं शेंबडं पोरही जाणतं. 

"साहेबाचा वाटा काढा," बाबुलाल म्हणाला.

साहेबांपुढे ढीग पडला. वर एक तडफडता रोहू. "अहो, पण मी मासे खात नाही!" साहेब कळवळून म्हणाले.

"खा का नोका खाऊ. पाय गाळात होते ना?"

 तेवढ्यात कोलूची म्हैस, उन्हानं कातावलेली, सगळ्यांच्या देखत डुलत डुलत तलावात उतरली आणि गाळात ऐसपैस उभी राहिली.

"काकाजी!" गोकुळा ओरडली. "म्हशीचे चारी पाय गाळात हायेत! चार वाटे काढा!"

मग जे हसू फुटलं ते विचारू नका. बायांचे बोळे गळून पडले. जाळं ओढणारे पाण्यातच बसले. सोमारीला दिसलं काहीच नव्हतं, तीच सगळ्यांत जास्त हसली. बाबुलाल तेवढा लाल होऊन उभा होता. गोकुळेनं डोळे पुसले, दम घेतला, आणि शकुबाईचं बोलणं आठवून आवाज सरळ केला.

"साहेब, असं लिहा. जाळ्याले ज्याचा हात लागला, त्याचा वाटा. मी काकाजीची दया नाई मागत. जाळं माह्यं आहे."

साहेब हातातल्या एकुलत्या बुटातला गाळ झटकत म्हणाले, "म्हशीला सभासद धरण्यापेक्षा हे बरं आहे."

बाबुलालनं मान खाजवली. पुतणीवर त्याचा जीव होता, आणि म्हशीनं त्याचं तोंड बंद केलं होतं. "बरं वं. तुहा एक."

"सोमारीबाईचा?"

"तिचा बी. झालं?"

झालं होतं. जन्मभर जे हवं होतं ते झालं होतं. इथं गप्प बसली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. दुसरी ओढ काठाशी येत होती, आणि जाळ्याच्या शेपटीची मासळीनं फुगलेली पिशवी नेहमीप्रमाणे गोकुळेच्या मांडीवर आणून ठेवली होती. पिशवीच्या तोंडाची गाठ गोकुळेशिवाय कोणाला आवळता यायची नाही. गोकुळेनं गाठीवर बोटं ठेवली. गाठ सनाची होती. तिनं मोहाखालच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं.

"झालं नाई काकाजी. सन कोणाचा?"

पाळीवरचं हसू विझलं. बाबुलाल जवळ आला, हळू बोलला. "गोकुळा, तुहं भेटलं ना तुले? गप राह्य. नाई त तुहा बी वाटा वापस घेईन. मूठ बी नाई भेटाची."

 चटई समोर दिसत होती, हात लांबवला तर लागेल अशी. पण तिला अंगणातला तो दगडही दिसत होता. तिनं गाठीचा एक पेच सोडला.

"काय करून राह्यली वं?"

"सन शकुबाईचा. ती घाटावर चालत नाई, त तिचा सन तलावात कायले? मंग काढून घेते."

एक मरळ फटीतून सुटली आणि डुबुक्कन पाण्यात गेली. जाळंवाले बोंबलले. बाबुलालनं झडप घालण्यासाठी हात पुढे केले, तर पाय सटकून तोही गाळात बसला, साहेबांच्याच घसरगुंडीवर. आणि गोकुळेला पुन्हा हसू आलं. गाठीवरची बोटं सैल पडली.

"हासू नोको!" बाबुलाल गाळातून ओरडला. "हासू नोको वं, गाठ सुटन!"

"मी हासत नाई काकाजी! हासू येऊन राह्यलं!"

दुसरी मरळ गेली. मग एक रोहू, सावकाश, जणू निरोप घेऊन. तेव्हा कोलूचा धीर सुटला. "देऊन टाका ना भाऊ! वाट पाहून का आख्खी मासळी जाऊ देता?" आणि मग सगळा टोलाच ओरडायला लागला. न्यायाची चाड होती की मासळीची, ते त्यांनाच ठाऊक. पण आवाज एक होता.

"देल्ला!" बाबुलाल किंचाळला. "देल्ला वाटा! बांध आता!"

गोकुळेनं गाठ आवळली. साहेबांनी ओल्या वहीत लिहून घेतलं. शकुबाईला कोणी बोलावलं नाही. तिनं थोडा वेळ पाहिलं, मग दोर खांद्यावर टाकून पाळीवरून सरळ घाटावर चालत आली. माणसं बाजूला झाली. तिच्यासमोर ढीग पडला, गोकुळेच्या ढिगाला लागून.

शकुबाई बसली. सोमारीच्या बाजूचा लोटा तिनं उचलला, ओंजळीत पाणी घेतलं आणि गोकुळेच्या ढिगावर हात धरला.

"शिंपडू का?" तिनं विचारलं.

गोकुळेचं हसू थांबलं. कान तापले. इतक्या वर्षांच्या पेंढ्या तिला एकदम आठवल्या, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

"शिंपड बाई," ती म्हणाली. "पह्यले माह्यावर."

शकुबाईनं ओंजळ सोडून दिली आणि अख्खा लोटा तिच्या डोक्यावर उपडा केला. गोकुळा गुदमरली, ठसकली, आणि मग दोघी अशा हसायला लागल्या की सोमारी चाचपडत विचारू लागली, काय झालं, काय झालं, मले बी सांगा. शकुबाईनं तलावातून पुन्हा लोटा भरला आणि तिन्ही ढिगांवर सारखं पाणी मारलं. ऊन वैशाखाचं होतं, आणि मासळी ओली ठेवावीच लागते.