गव्हाण कशी असते

लग्न होईपर्यंत नाताळाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की शाळेला सुट्टी असते. औशातल्या ह्या घरात आले आणि पहिल्या डिसेंबरात नुसती बघतच राहिले. नवऱ्यानं कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन अंगणात माणसाएवढी चांदणी बांधली. शंकरपाळ्या, करंज्यांचे डबे भरले. केकचं पीठ बेकरीच्या भट्टीतून भाजून आणलं. संध्याकाळी चांदणीत बल्ब लागला आणि अख्खी गल्ली लाल झाली. मी तोंडावर हात ठेवून उभी! अगं बाई, हे सगळं आपल्या दारात?

मग सासूबाईंनी माळ्यावरून खोकं काढलं. त्यात पुठ्ठ्याचा गोठा, मातीचे गाय-बैल, मेंढरं. आणि गव्हाण म्हणून झालर लावलेला पाळणा. मी रेणापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, गोठ्यातच वाढलेली. जीभ कसली थांबते?

"मम्मी, ही काय गव्हाण हाय? ह्यात बैल तोंड कसं घालणार?"

नवरा खाली मान घालून हसला. सासूबाई सरकारी दवाखान्यातल्या रिटायर नर्स. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग तू कर खरी."

"तुराट्या लागतील, कडबा लागेल, माती..." म्हणता म्हणता मला माहेर आठवलं. हे सगळं जिथं होतं, त्या घराचं दार मला बंद होतं. ख्रिश्चनाच्या घरात लग्न केलं म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, "आम्हाला ती मेली" असं सांगून टाकलं होतं. आणि मला सहावा महिना चालू होता. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. आई चोरून फोन करायची, आणि विषय तिथं आला की रडायची. मी चिडायचे. पण रोज मनात एकच, अप्पा बोलावतील का?

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुणाला न सांगता एसटीनं माझ्या माहेरी जाऊन आल्या. परतल्या त्या रिकाम्या हातानं.

"पाणी दिलं त्यांनी. गोठ्यासाठी कडबा मागितला, तर उठून रानात गेले."

"तुम्ही कशाला गेलात?" मी भांडलेच. माझ्यापायी त्यांचा अपमान झाला, हे मला सोसेना.

"अगं, मागायला कसली लाज? गोठा करायचाय ना आपल्याला?"

नाताळाच्या दोन दिवस आधी सकाळीच दारात मोटारसायकल थांबली. मागं तुराट्यांची मोळी, कडब्याची पेंढी, मातीची पिशवी. अप्पा! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंना म्हणाले, "इहीणबाई, गोठा सांगून गेलात, माप कुठं सांगितलं?"

टोपी काढून ते ओट्यावर बसले. तुराट्या मोडून कूड बांधला, वर कडब्याचं छप्पर घातलं, कूड मातीनं लिंपला. त्या जाड बोटांनी इवलीशी गव्हाण कशी वळली, देव जाणे. मातीचा बैल उचलून त्याचं तोंड आत पोचतं का, तेही बघून घेतलं. जन्मभर ज्या हातांना मी भ्याले, ते असंही काही करतात हे मला माहीतच नव्हतं.

"ह्यात चारा कोणता टाकता?" त्यांनी विचारलं.

"चारा नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाळ ठेवायचं."

अप्पांचे हात थांबले. "लेकरू? गव्हाणीत? त्या बाईला घर न्हवतं का?"

ही गोष्ट त्यांना कधी कुणी सांगितलीच नव्हती. सासूबाईंनी ती पेशंटची हकीकत सांगावी तशी सांगितली. दिवस भरलेली पोर. परका गाव. नवऱ्याबरोबर दारोदार फिरली, कुणी जागा दिली नाही. शेवटी गोठ्यात मोकळी झाली, लेकरू कापडात गुंडाळून गव्हाणीत निजवलं. तेच आमचे येशू.

"आन् तिचं माहेर?"

"माहेर लांब राहिलं, व्याही."

अप्पांनी हातांची माती झटकली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सातव्यात न्यायला येऊ का, इहीणबाई?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

लग्नानंतर पहिल्यांदा अप्पांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते त्यांचे. "येतीस का, माय?"

एवढी तोंडाळ मी, पण मला नुसती होकाराची मान हलवता आली.