पूल एक, जिल्हे दोन

रस्त्याच्या कामावर सिमेंट उरत नाही, खडी उरत नाही. मुळात पुरेशी आली तर उरेल ना! किस्से मात्र ट्रॉल्या भरभरून उरतात. कुठे टाकावेत तेच कळत नाही, म्हणून चहाला बसलो की तुमच्या डोक्यावर ओततो.

माझे दोन जेसीबी आहेत. राहतो जळगाव शहरात, मेहरूणला, पण मशिनं जळगाव आणि धुळे दोन्हीकडे फिरतात. कंत्राटदार फोन करतो, आम्ही जातो. खोदायचं, भरायचं, गप्प बसायचं. तिसरं काम मला जमत नाही.

मित्र म्हणतात, तू लई हसवतोस. अरे बाबांनो, मी चिडून सांगत असतो, हसता तुम्ही!

आता या एकाच पुलाचं घ्या. गावाचं नाव सांगत नाही, उद्या मला काम मिळायचं बंद होईल. पारोळ्याच्या पुढे, जळगाव जिल्ह्याच्या अगदी कडेला ते गाव. गावाबाहेर नाला आणि नाला ओलांडला की धुळे जिल्हा. मे महिन्यात वादळ आलं, घरांचे पत्रे उडाले, नाल्याला पूर आला. पुलाचा धुळ्याकडचा भराव वाहून गेला आणि मधला स्लॅब तडकला.

गावात नाना आहेत, जुने सरपंच. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला धुळ्याला जावं लागतं. सोबत बायको, तिला सगळं गाव अक्का म्हणतं. रिक्षा सलीमभाईची. आणि जायचा रस्ता म्हणजे हाच पूल.

*

वादळानंतर पाहणी ठरली. जळगावचे बांधकाम खात्याचे साहेब या काठावर आले, धुळ्याचे साहेब त्या काठावर. मध्ये नाला.

इकडचे साहेब ओरडले, "नुकसान तुमच्या बाजूला झालंय!"

तिकडचे ओरडले, "पण तडा तुमच्या बाजूनं सुरू होतोय!"

अर्धा तास हे असंच. खाली म्हशी पाण्यात बसलेल्या, त्यासुद्धा माना वळवून बघायला लागल्या. शेवटी नाना पलंगावरून उठून आले आणि म्हणाले, "साहेब, नाला बुजी टाका. ना पूल ऱ्हाई, ना भांडन!"

तिकडच्या साहेबांनी आपल्या माणसाला विचारलं, "बुजवणं खर्चाच्या कोणत्या हेडमध्ये बसेल?"

देवाशपथ, असंच विचारलं!

*

सरकारची वाट कोण पाहणार? गावानं आपले ट्रॅक्टर काढले. मुरूम, दगड, पडक्या भिंतींच्या विटा, मिळेल ते आणून भराव घातला. नानांनी आपला पडलेला गोठाच देऊन टाकला. रिक्षा जाण्यापुरता रस्ता झाला. नाना वेळेवर डायलिसिसला जायला लागले.

मग इकडचे साहेब कॅमेरेवाला घेऊन परत आले. भराव पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"हे काय करून ठेवलंत? फोटोत नुकसान दिसलं पाहिजे! नुकसान दिसलं नाही तर दुरुस्ती मंजूर कशी होणार?"

अक्का पदर खोचून पुढे आल्या. "आम्हीन भरं, आते आम्हीनच उकरानं?"

"आठ दिवसांचा प्रश्न आहे, अक्का. फोटो काढू, मंजुरी आणू, पक्का पूल करू."

उकरायला कोणाचं मशिन आलं असेल? माझंच! भराव काढून आम्ही रस्त्याच्या कडेला ढीग घातला. कॅमेरेवाल्यानं वाकून, बसून, झोपून फोटो काढले. साहेब समाधानानं म्हणाले, "आता कसं, खरंखुरं नुकसान वाटतंय!"

त्या आठ दिवसांत अख्खा पावसाळा गेला. नानांना ट्रॅक्टरवर बसवून नाल्यातून न्यायचे. एकदा पूर उतरलाच नाही, डायलिसिस चुकलं आणि माणूस एवढा सुजला की डोळे उघडेनात. मी भेटायला गेलो होतो. अक्कांनी मला चहा करून दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आजही त्या साहेबांचा फोटो पेपरात दिसला की मी पेपर उलटा करून ठेवतो.

*

मंजुरी आली. टेंडर निघालं. टेंडर ऑनलाइन असतं हो, पण ठरतं नशिराबादच्या पुढे एका ढाब्यावर, शेवभाजीच्या ताटावर. भाजी येईपर्यंत काम कोणाचं ते ठरलेलं असतं, भाकरी मोडेपर्यंत बाकीच्यांनी मुद्दाम किती चढ्या दरानं टेंडर भरायचं तेही ठरलेलं असतं. याला आमच्यात 'सपोर्ट' म्हणतात. आज तू मला सपोर्ट दे, उद्या मी तुला.

काम कंत्राटदार बापूशेठला जाणार होतं. बाकी दोघे सपोर्टवाले. नियमाप्रमाणे प्रत्येकानं जागा पाहायला हवी, म्हणून तिघे गावात आले. एकाच गाडीतून! निंबाखाली बसून एकाच डब्यातलं जेवले. बापूशेठनं एकाच्या ताटात आग्रहानं लाडू वाढला.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांना हे प्रेम पाहून कौतुक वाटलं. "तुम्ही एकमेकसना कोन लागतस?"

लाडू खाता खाता तो म्हणाला, "स्पर्धक!"

*

दिवाळीनंतर भूमिपूजन झालं. एक नाही, दोन. जळगावच्या नेत्यांनी इकडच्या काठावर नारळ फोडला, तिकडच्या नेत्यांनी तिकडे. दोघांच्या बॅनरवर पूल एकच, पण पुलावर उभा असलेला माणूस वेगळा.

काम सुरू झालं. कागदावर लिहिलेला भराव म्हणजे नवा, चाळलेला, लांबून आणलेला मुरूम. बापूशेठनं मला फोन केला, "तो कडेला ढीग पडलाय ना, तोच लोट."

मी म्हटलं, "शेठ, तो गावाचा आहे."

"मग गावाच्याच पुलात जातोय ना! चोरी कुठे झाली?"

आता बोला!

माझा ड्रायव्हर ढीग लोटत होता. नाना काठीवर रेलून बघत होते. एकदम ओरडले, "थांब! ह्या तं मन्हा गोठान्या इटा शेतस!"

बापूशेठ शेजारीच उभा. जराही न लाजता म्हणाला, "नाना, भाग्यवान आहात. सरकारी कामात तुमची वीट लागली."

नाना काठी टेकत घराकडे वळले. त्यांच्या अंगात भांडायचंही बळ उरलं नव्हतं. ते असतं तर काठी बापूशेठच्या पाठीत बसली असती आणि मी मध्ये पडलो नसतो.

*

स्लॅब टाकायच्या दिवशी मी तिथेच होतो. काँक्रीट इतकं पातळ की फावड्यावर थांबेना. वाळू तर अशी की तिच्यात गवताची मुळं. मी कामावरच्या सुपरवायझरला म्हटलं, "अरे, याचे क्यूब फुटतील!"

क्यूब म्हणजे स्लॅबच्याच मालाचे छोटे ठोकळे. ते लॅबमध्ये दाबून बघतात, पूल किती ताकदीचा आहे ते कळावं म्हणून.

सुपरवायझर माझ्या अडाणीपणावर हसला. "क्यूब गोडाऊनवर बनतात. वेगळा माल, भरपूर सिमेंट, रोज पाणी. शेठ स्वतः लक्ष घालतात."

आणि खरंच, क्यूब पहिल्या नंबरानं पास! लॅबवाल्यानं म्हणे पुन्हा पुन्हा दाबून बघितले, फुटेचनात. साहेबांनी बापूशेठची पाठ थोपटली.

मी बापूशेठला तोंडावर म्हटलं, "शेठ, एवढे चांगले क्यूब बनवता, तर क्यूबच रांगेनं मांडायचे होते नाल्यात. पूल कशाला बांधलात?"

तेव्हापासून त्यांच्याकडे माझं मशिन जात नाही.

*

लोकार्पणाला मात्र मी गेलो, गावानं बोलावलं म्हणून. नानांचा त्या दिवशी डायलिसिसचा वार. सलीमभाई रिक्षा घेऊन पुलाच्या तोंडाशी थांबलेला, मागे नाना आडवे, शेजारी अक्का. पुलाखाली नाल्यातून कामापुरता केलेला कच्चा वळणरस्ता होता, पण आज पूल उघडणार म्हणून हे लोक थांबले होते.

गाड्या आल्या. जळगावच्या नेत्यांची पांढरी, साहेबांची जीप, बापूशेठची नवीकोरी, मागे कार्यकर्त्यांच्या. पुलाच्या अलीकडे फीत, पलीकडे धुळ्याच्या काठावर मांडव. फीत कापली, टाळ्या झाल्या, फटाके वाजले.

आता पलीकडे जायचं. नेत्यांचा ड्रायव्हर गाडी सुरू करणार, तेवढ्यात साहेब त्यांच्या कानाशी लागले. नेते म्हणाले, "चला, पायीच जाऊ. जनतेचा पूल आहे!"

साहेबांनी जीप इथेच ठेवली. बापूशेठनं आपल्या ड्रायव्हरला लांबूनच हात केला, थांब. कार्यकर्त्यांच्या गाड्याही एकामागे एक बंद झाल्या.

सगळे पायी निघाले. एरवी फोटोसाठी एकमेकांच्या खांद्यावर चढणारी ही माणसं, आज एकेक करून चालली होती. एक पलीकडे पोचला की मग दुसरा. साहेब कठड्याला धरून. बापूशेठ सगळ्यात शेवटी, जवळजवळ पळतच.

मांडवातून बापूशेठनं माईक हातात घेतला. "आपल्या नव्या पुलावरून पहिली गाडी जाण्याचा मान आपल्या नानांचा! येऊ द्या रिक्षा!"

टाळ्या. बँड सुरू झाला. सलीमभाईनं रिक्षाला किक मारली आणि मागे वळून बघितलं.

अक्का अलीकडे लागलेली गाड्यांची रांग बघत होत्या. मग पलीकडे मांडवात उभ्या असलेल्या माणसांकडे त्यांनी बघितलं. नानांच्या छातीवर हात ठेवला.

"सलीमभाऊ," त्या म्हणाल्या, "खालथून ल्या."