नांगरमावशींची अकरा मिनिटं

“‘संशयास्पद मासेमारी नौका’, एवढंच तर लिहिलंय. त्यावर सही करायला अडचण काय आहे?”

“नौका होती. मासेमारी होती. संशयास्पद काय होतं ते सांगा.”

“ती तिथे होती, हेच संशयास्पद.”

“साहेब, तिथे समुद्र आहे. नौका काय भाजीबाजारात दिसायला हवी होती?”

“बाई, मी शांतपणे बोलतोय.”

“मीही शांतच आहे. माझा आवाजच असा आहे. सव्वीस वर्षं सरकार मला याच आवाजाचा पगार देतंय.”

हे मात्र खरं होतं. समुद्राखालून येणारी केबल जिथे जमिनीवर चढते, तिथल्या बैठ्या इमारतीत एक पहाऱ्याची खोली होती. खोलीत एक खिडकी, एक रेडिओ, जहाजांचे त्रिकोण दाखवणारा एक पडदा, एक जाडजूड नोंदवही आणि या बाई. सगळ्या किनाऱ्याचे फोन, बँका, दवाखान्यांचे निरोप आणि लोकांची भांडणं त्या मनगटाएवढ्या केबलमधून जायची, आणि ती तुटायला एखाद्या होडीचा नांगर पुरेसा होता. पडद्यावरचा एखादा त्रिकोण केबलच्या रेषेवर येऊन रेंगाळला, की बाई रेडिओचा माइक उचलायच्या. “निळ्या पट्ट्याची नौका, निळ्या पट्ट्याची नौका. तुम्ही केबलवर आहात. नांगर उचला, नांगर उचला. समजलं का सांगा.”

त्यावरून कोळ्यांनी त्यांचं नाव नांगरमावशी ठेवलं. साठीचे तांडेलही त्यांना मावशीच म्हणायचे.

सगळं दोनदा बोलायचं आणि समोरच्याकडून समजल्याची पावती घ्यायची, ही सवय घरीही उतरली होती. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो शेजाऱ्यांना सांगायचा, “ही चहा मागते तेव्हा मी ‘चहा, एक कप, साखर कमी, समजलं’ म्हणेपर्यंत मला स्वयंपाकघरात शिरू देत नाही.” परगावची लेक फोन ठेवताना सवयीने म्हणायची, “जेवले आई, जेवले. संपलं.”

खोलीच्या भिंतीवर शाळेतली एक जुनी पाटी टांगलेली होती. केबल शेवटची तुटून किती दिवस झाले, तो आकडा मावशी रोज सकाळी खडूने बदलायच्या. गेल्या आठवड्यापर्यंत तिथे चार आकडी संख्या होती. आज नुसता तीन होता.

समोर बसलेल्या साहेबांना मावशी मनातल्या मनात गोपनीय साहेब म्हणायच्या. वय तिशीचं, इस्त्री कडक. राजधानीतून येताना त्यांनी ‘गोपनीय’ असा रबरी शिक्का आणला होता आणि तो ते प्रत्येक गोष्टीवर मारायचे. स्वच्छतागृहाच्या किल्लीच्या पुठ्ठ्यावरसुद्धा.

“हे बघा,” साहेब म्हणाले, “तुम्ही त्या वेळी ड्यूटीवर होतात. तुमच्या सहीशिवाय अहवाल पुढे सरकत नाही.”

“आणि सही केली की ती होडी सरकारजमा.”

“कायद्याने जे व्हायचं ते होईल.”

“आणि नाही केली तर?”

“तर तुम्ही उघड्या चॅनलवर ‘केबल’ हा शब्द चार वेळा उच्चारलात, याची चौकशी लागेल. मनाई असताना.”

“चार नाही. सहा वेळा.”

मावशींनी चष्मा काढून पदराला पुसला. चौकशीचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं ते त्या होडीचं, आणि खरं सांगायचं तर अकरा मिनिटांचं.

ती होडी खोकलेबुवांची. रेडिओवर बोलण्याआधी ते दोनदा खोकायचे, म्हणून मावशींनीच हे नाव दिलेलं. एकोणीस वर्षं दोघांचं भांडण चालू होतं आणि एकोणीस वर्षांत त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

“खोकलेबुवा, नांगर उचला.”

खो, खो. “मावशी, आत्ता तर टाकला.”

“आत्ता टाकलात म्हणूनच आत्ता उचला.”

“खाली मासे आहेत.”

“खाली अख्ख्या किनाऱ्याचे फोन आहेत.”

“मला कोण मेलं फोन करतंय?”

“म्हणून दुसऱ्यांचे तोडणार?”

खो. “उचलतो. घरी नवऱ्याशीही असंच बोलता का हो?”

“त्यांच्याकडे नांगर नाही.”

अशी एकोणीस वर्षं. खोकलेबुवांनी कुरकुर केली नाही असा एक दिवस नव्हता, आणि नांगर उचलला नाही असाही एक दिवस नव्हता.

मग सरकारला मैत्री सुचली.

केबलचं रक्षण एक बाई, एक रेडिओ आणि किनाऱ्यावरची एक पाटी मिळून करताहेत, हे राजधानीत कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांना घाम फुटला. समिती बसली. समितीची उपसमिती बसली. मित्रराष्ट्रांशी संरक्षण सहकार्याचा करार करायचं ठरलं. पाच देशांचे पाहुणे किनारा बघायला आले. चकचकीत बुटांनी वाळूत रुतत रुतत ते केबलच्या लोखंडी झाकणापर्यंत पोचले, झाकणाभोवती गोल करून उभे राहिले आणि फोटो काढून घेतले. त्यांतल्या एका पदकवाल्याने दुभाष्यामार्फत विचारलं, “केबल आत्ता आत आहे का?”

“आत्ताच जेवून झोपलीय म्हणावं,” मावशी म्हणाल्या. दुभाष्याने काहीतरी वेगळंच सांगितलं असावं, कारण पदकवाल्याने आदराने मान झुकवली.

पाहुणे गेले आणि आठवड्याने दोन माणसं कुदळ घेऊन आली. किनाऱ्यावर मोठी पिवळी पाटी होती : ‘येथे समुद्राखाली केबल आहे. नांगर टाकू नये.’ ती त्यांनी उपटायला घेतली. मावशी तशाच चपला न घालता धावल्या. मागे गोपनीय साहेब उभे होते.

“पाटी का काढताय?”

“शत्रूला कळेल ना, केबल कुठे आहे ते.”

“आणि मित्राला कसं कळणार?”

“मित्राला कराराच्या परिशिष्ट तीनमधून कळेल.”

“परिशिष्ट तीन कुठे आहे?”

“त्यावर अजून सह्या व्हायच्यात.”

पाटीपाठोपाठ नकाशे गेले. सागरी नकाशांच्या नव्या आवृत्तीत केबलची रेषा पुसून टाकली. रेषा पुसल्यावर कागद रिकामा दिसायला लागला, म्हणून कुणा हुशार माणसाने तिथे छापलं : ‘तळ वाळूचा. नांगर टाकण्यास उत्तम जागा.’

शेवटी पाळी आली मावशींच्या जिभेची. उघड्या चॅनलवर केबल म्हणायचं नाही, नांगर म्हणायचं नाही. साहेबांनी एक पातळ पुस्तिका दिली. त्यात केबलला ‘आजी’ म्हटलं होतं, जहाजाला ‘पाहुणा’ आणि नांगराला ‘छत्री’.

“म्हणजे मी काय म्हणायचं?”

“पाहुण्यांनी आजीवरची छत्री उचलावी.”

“आणि हे पाहुण्यांना समजेल?”

“पुस्तिका त्यांना देणारच आहोत.”

“कधी?”

“परिशिष्ट तीननंतर.”

कराराचा दिवस उजाडला. राजधानीत मोठा समारंभ होता आणि तो सगळ्या पडद्यांवर थेट दिसत होता. त्याच सकाळी एका मित्रराष्ट्राचं भलंमोठं करडं जहाज केबलच्या रक्षणासाठी किनाऱ्याशी आलं. नऊ चाळीसला त्याचा त्रिकोण मावशींच्या पडद्यावर रेंगाळला, थांबला. बरोब्बर रेषेवर. नव्या नकाशात उत्तम जागा लिहिलेलीच होती. त्यांनी नांगर टाकला.

मावशींचा हात माइकवर गेला. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि पुस्तिका उघडली.

“करडे पाहुणे, करडे पाहुणे. तुमची छत्री आजीवर आहे. छत्री उचला, छत्री उचला. समजलं का सांगा.”

काही नाही. नुसती खरखर. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग साहेबांच्या कक्षाला फोन लावला. तिकडून कुणीतरी म्हणालं, “साहेब समारंभात आहेत. मैत्री चालू आहे. नंतर करा.” मावशींनी तिसऱ्यांदा आजीचा आणि छत्रीचा जप केला. चौथ्यांदा केला. सव्वीस वर्षांत ज्या बाईला एवढं बोलायला कधी अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागला नव्हता, ती अकरा मिनिटं पुस्तिका वाचत बसली.

तेवढ्यात रेडिओ खोकला.

खो, खो. “मावशी, बऱ्या आहात ना? कोणाच्या आजीचं काय झालं?”

नऊ एक्कावन्न. मावशींनी पुस्तिका मिटली. “खोकलेबुवा, करड्या जहाजाने केबलवर नांगर टाकलाय. केबलवर, केबलवर. माझं ऐकत नाहीत.”

“वाटलंच मला. तुम्ही वेड्यासारखं बोलायला लागलात तेव्हाच म्हटलं, कुणीतरी बसलं केबलवर. थांबा, सांगून येतो.”

मग मावशींनी त्या जहाजाला सरळ भाषेत सांगितलं, मग मोडक्यातोडक्या परदेशी भाषेत सांगितलं. जहाज बोलेना. अनोळखी आवाजाला उत्तर द्यायचं नाही, असा त्यांनाही हुकूम होता, आणि सहकार्य फारच काटेकोर होतं. खोकलेबुवांनी होडी जहाजाला खेटवली, टोपी काढून हलवली, पातेल्यावर पळी बडवली, खाली बोट दाखवून हातवारे केले. जहाजावरून त्यांच्यावर बंदुका रोखल्या गेल्या. दहा वाजता त्यांना होडीसकट ताब्यात घेतलं.

दहा वीसला वारा फिरला, जहाज सरकलं, नांगर फरफटला आणि मावशींच्या मागच्या कपाटावर लाल दिवा लागला.

किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या पडद्यांवर मंत्रिमहोदय “आपल्या मित्रांवर आमचा पूर्ण वि...” एवढं म्हणून तोंड उघडं ठेवून थिजले. एका केशकर्तनालयात म्हणे ते उघडं तोंड संध्याकाळपर्यंत तसंच होतं, आणि गिऱ्हाईकं त्याच्याकडे बघत दाढी करून घेत होती.

“आता मी वर काय कळवू?” गोपनीय साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. “मित्राने आपलीच केबल तोडली? करार होऊन तीन दिवस झालेत, बाई.”

“मग कधी तोडायला हवी होती?”

“थट्टा पुरे. तो माणूस बाहेर बाकावर आहे. ओळख पटवायला आणलाय. तुम्ही बघायचं आणि ‘हाच तो’ म्हणायचं. मग सही.”

मावशी उठल्या. त्यांनी दार उघडलं. बाकावर एक किडकिडीत म्हातारा बसला होता, मांडीवर टोपी, शेजारी एक शिपाई. त्यांच्या मनातले खोकलेबुवा चांगले धिप्पाड होते. म्हातारा दोनदा खोकला.

“मावशी?”

“खोकलेबुवा?”

“मला वाटायचं तुम्ही उंच असाल.”

“मलाही वाटायचं.” मावशी दाराला टेकल्या. “होडी कुठंय?”

“नौदलाच्या धक्क्याला, साखळीने बांधलीय. आतले मासे तसेच. त्यांच्या खाणावळीपर्यंत वास पोचलाय म्हणतात.”

“पोचू दे.” मग त्या थांबल्या. “अकरा मिनिटं मी वेडपटासारखी ती पुस्तिका वाचत बसले. आधीच सरळ बोलले असते तर...”

“तर काय? त्यांनी तेव्हाही ऐकलं नसतं.”

“पण तुम्ही ऐकलं असतंत. वारा फिरायच्या आधी तुम्हाला अकरा मिनिटं जास्त मिळाली असती.”

खोकलेबुवांनी टोपी मांडीवरच उलटी केली, सुलटी केली. “होडी गेली तर एकच होईल मावशी. तुमच्याशी भांडायला मी येणार कुठून?”

“बाई,” आतून साहेब म्हणाले, “हाच तो ना?”

मावशी आत आल्या. साहेबांचा अहवाल त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवला आणि आपली जाडजूड नोंदवही पुढे ओढली. त्या दिवसाचं पान उघडलं. पेनाने लिहिलेल्या ओळींखाली त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या, सही केली, आणि साहेब पान वाचायला वाकले तेव्हा त्यांनी माइक उचलला.

“सर्व नौकांना, सर्व नौकांना. केबल स्टेशनची नोंद वाचतेय. नऊ चाळीस, मित्रराष्ट्राच्या करड्या जहाजाने केबलवर नांगर टाकला, केबलवर नांगर टाकला. नऊ चाळीस ते नऊ एक्कावन्न, पहाऱ्यावरच्या बाई सरळ बोलल्या नाहीत. चूक त्यांची. नऊ एक्कावन्न, सरळ सांगितलं. जहाजाचं उत्तर नाही. नऊ पंचावन्न, एक मासेमारी नौका जहाजाला सावध करायला गेली. तिच्याशिवाय कुणीही गेलं नाही, कुणीही गेलं नाही. दहा वाजता ती नौका पकडली. दहा वीस, केबल तुटली. नांगर मित्राचा. समजलं का सांगा.”

साहेबांचा हात माइकपर्यंत पोचला तेव्हा वाक्य संपलेलं होतं.

क्षणभर खरखर. मग एक तरुण आवाज आला, “निळा पट्टा. समजलं मावशी.” मग दुसरा, “नांगर मित्राचा, समजलं.” मग एकामागून एक, दूरच्या होड्या, बंदरातली ओढबोट, वाळूची बार्ज, समजलं, समजलं. बंदराच्या अधिकृत नियंत्रण कक्षानेही सवयीने पावती दिली आणि मग बहुधा जीभ चावली. सगळ्यांत शेवटी एक परका, अवघडलेला आवाज आला. करड्या जहाजावर कुणालातरी आपली भाषा येत होती. “समजलं,” तो म्हणाला. एकदाच.

दाराबाहेर कुणीतरी दोनदा खोकलं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. दुपारच्या पाळीचा माणूस दारात येऊन उभा होता, पिशवी हातात, तोंड आ वासलेलं. मावशींनी खुर्ची त्याच्याकडे वळवली, नोंदवही बंद करून कुलपात ठेवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

“हे कुणाला विचारून केलंत?” साहेब म्हणाले. त्यांच्या हातात तो अहवाल होता, आणि सहीची जागा कोरीच होती. “बाई, हे कुणाला विचारून केलंत?”

दोनदा विचारलं त्यांनी. रेडिओची शिस्त त्यांना पहिल्यांदाच जमली होती.

मावशींनी रिकामा डबा पिशवीत टाकला, चष्मा घडी करून त्यावर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि त्या बाहेर पडल्या.